तिघं तीन शहरांत, गाणं एकच: ऑनलाइन एकत्र रेकॉर्डिंगसाठी काय वापरता?

अर्धमात्रा

नमस्कार मंडळी. आधी शोधून पाहिलं, पण जे धागे सापडले ते सगळे "कोणता माइक घेऊ" याच वळणाचे निघाले, म्हणून नवा काढतेय.

आम्ही तिघं जण कॉलेजात एकत्र गायचो-वाजवायचो, आता तिघं तीन शहरांत. मी चाली लावते आणि गाते, एक जण गिटार वाजवतो, तिसरा की-बोर्ड आणि तालाचं बघतो. माझ्याकडे मॅक, गिटारवाल्याकडे विंडोज, आणि तिसऱ्याकडे ऑफिसचा लॅपटॉप ज्यावर काहीही इन्स्टॉल करता येत नाही. म्हणजे त्याच्यासाठी ब्राउझर नाहीतर फोन.

आत्तापर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर तुकडे पाठवून चाललंय. एकाच गाण्याच्या 'फायनल', 'फायनल नवीन', 'हेच घ्या' अशा फायली झाल्यात आणि कुठल्या गिटारवर कुठला आवाज गायलाय ते आता कुणालाच सांगता येत नाही.

ते ऑनलाइन स्टुडिओ म्हणतात तसलं काही कुणी नेटाने वापरलंय का? एकाने रेकॉर्ड केलं की दुसऱ्याला तिथेच दिसावं, त्याने वर आपला ट्रॅक चढवावा आणि शेवटी चार लोकांना ऐकवता यावं, इतकंच. अल्बम-बिल्बम काढायचा नाहीये.

खर्जवाला

तिसऱ्याकडे फक्त ब्राउझर आहे म्हटल्यावर अर्धी निवड तिथेच झाली. बँडलॅब नाहीतर साउंडट्रॅप.

बँडलॅब सिंगापूरच्या कंपनीचं. ब्राउझर, अँड्रॉइड, आयफोन सगळीकडे चालतं आणि फुकट खात्यावरही रेकॉर्डिंग, मिडी वाद्यं (की-बोर्डवरच्या सुरांची नोंद घेऊन कंप्युटर वाजवतो ती), मिक्सिंग एवढं सगळं मिळतं. तुमच्या 'फायनल नवीन'च्या दुखण्यावर त्याच्याकडे बरा उपाय आहे: दर वेळी सेव्ह केलं की वेगळी आवृत्ती राहते, कुणी कधी काय बदललं ते दिसतं, मागे जाता येतं. 'फोर्क' नावाची सोय आहे, म्हणजे एका गाण्याला फांदी फोडून त्यावर वेगळा प्रयोग करायचा, मूळ गाणं जागच्या जागी. गिटारवाल्याला रॉक करायचंय आणि तुम्हाला नाही, असल्या भांडणांना फार उपयोगी.

साउंडट्रॅप स्वीडनचं. स्पॉटिफायने २०१७ मध्ये विकत घेतलं होतं, २०२३ मध्ये ते पुन्हा मूळ संस्थापकांकडे गेलं. प्रकल्प उघडा असताना आतच गप्पा आणि व्हिडिओ कॉल होतो, त्यामुळे शाळांमध्ये बरंच वापरलं जातं. फुकट खात्यावर मात्र हात जरा आखडता.

तुमच्या तिघांसाठी माझं मत बँडलॅबला, कारण फोनवरचं अ‍ॅप खरोखर काम करण्याजोगं आहे.

गप्पिष्ट

ऑडिओटूल राहिलं की! तेही ब्राउझरमध्येच चालतं. पडद्यावर सिंथ, ड्रम मशीन, इफेक्टचे डबे ठेवायचे आणि आभासी वायरी ओढून एकमेकांना जोडायचे. गायनासाठी नव्हे, पण इलेक्ट्रॉनिक करणाऱ्याने एकदा उघडलं की जेवायला उठत नाही.

मुक्तछंद

हे ट्रॅकवर ट्रॅक चढवणं ठीक आहे, पण त्यात मजा काय? समोरासमोर वाजवताना एकमेकांच्या डोळ्यात बघून जे होतं ते कुठून येणार. तिघांनी एकाच वेळी ऑनलाइन बसून सरळ वाजवावं. व्हिडिओ कॉलवर जमत नाही हे मलाही माहीत आहे, पण त्यासाठी वेगळी सॉफ्टवेअर असतात ना?

वायरवाला

असतात, आणि चांगली असतात, पण आधी हिशोब बघू. या विषयावर चर्चा सुरू झाली की लोक इंटरनेटच्या स्पीडबद्दल बोलतात. स्पीडचा इथे फारसा संबंध नाही, प्रश्न उशिराचा आहे.

हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांत सुमारे साडेतीन मीटर. तुम्ही खोलीच्या या टोकाला आणि गिटारवाला त्या टोकाला बसला तरी तितका उशीर आपण न कळत पचवतोच. एका बाजूचा उशीर २५-३० मिलिसेकंदांच्या आसपास गेला की मात्र लय ओढली जायला लागते. मी तुमची वाट बघतो, तुम्ही माझी बघता, आणि दोन-चार आवर्तनांत गाणं आपोआप विलंबित होतं. कुणीही चुकत नसतं, तरी होतं.

आता जोडा. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे १००० किलोमीटरला निदान ५ मिलिसेकंद, आणि तार कधीच सरळ रेषेत नसते. तुमच्या कंप्युटरचा बफर, म्हणजे आवाज पुढे सरकवण्याआधी साठवायची जागा, २५६ सॅम्पलचा (आवाजाच्या नमुन्यांचा) असेल आणि रेट ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने, तर आत येताना ५.३ मिलिसेकंद आणि पलीकडे बाहेर पडताना आणखी तितकेच. पाकिटं मागेपुढे पोचतात ते सावरायला नेटवर्कचा बफर, धरा १० मिलिसेकंद. झाले २५. वायफाय असेल तर हे सगळं गणित विसरा, मधूनच उचक्या लागतात. ब्लूटूथ हेडफोन असेल तर सहज शंभर-दोनशे मिलिसेकंद एकट्या त्याचेच.

म्हणून जवळच्या शहरांत, केबलने जोडलेलं इंटरनेट, ऑडिओ इंटरफेस (माइक-गिटार कंप्युटरला जोडायचा डबा) आणि वायरचा हेडफोन असेल तर जॅम्युलस किंवा सोनोबस वापरून खरंच वाजवता येतं. दोन्ही फुकट आणि मुक्तस्रोत. खंड ओलांडून नाही. त्यात कुठल्याही कंपनीचा दोष नाही, प्रकाशाला त्याहून जोरात धावता येत नाही.

आणि मुद्दा असा की मूळ प्रश्न रेकॉर्डिंगचा आहे. त्याला एकत्र एका क्षणी बसण्याची गरजच नाही.

मुक्तछंद

वायरवाला, प्रकाशाचा वेग मान्य. पण तुम्ही निन्जॅम विसरलात! २००५ पासून आहे, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कोकोस कंपनीचं. त्यांनी उशीर कमी करायच्या भानगडीत न पडता उलट मुद्दाम वाढवला. एक ठरावीक आवर्तन धरायचं, आणि प्रत्येकाला इतरांचं *मागचं* आवर्तन ऐकू येतं. तुम्ही त्यावर आत्ताचं वाजवता, ते त्यांना पुढच्या आवर्तनात ऐकू जातं. पलीकडचा माणूस कुठल्याही खंडात असेना, सम समेवरच येते.

समेवरआलो

निन्जॅमवर मीही रमलो होतो. त्यात आवर्तन किती ठोक्यांचं ते आपण ठरवू शकतो, त्यामुळे चाराच्या पटीचीच सक्ती नाही. रूपकासाठी १४ ठोके, म्हणजे त्याची दोन आवर्तनं, ठेवले, लय मिनिटाला ८४, की बरोबर १० सेकंदांचा फेरा. ठेका आणि त्यावर फिरणारी छोटी वाक्यं यांना झकास. पण सवाल-जवाब करून बघा एकदा. तुम्ही सवाल टाकलात की जवाब फेरा उलटून येतो, तोवर तुम्ही दुसऱ्याच गावाला पोचलेले असता. मुखडा, अंतरा, मग दोन ओळींनंतर कॉर्ड बदल, असं बांधीव गाणं त्यात होत नाही. हे सगळं जॅमसाठी.

रीपरभक्त

नावावरून कळलं असेलच मी काय म्हणणार आहे. ब्राउझरमधले स्टुडिओ सुरुवातीला छान वाटतात, पण तुमच्या कंप्युटरवरचे व्हीएसटी प्लगइन (वरून जोडायची वाद्यं आणि इफेक्ट) त्यात सरळ चालत नाहीत, गाणं वीस-पंचवीस ट्रॅकचं झालं की ब्राउझर धापा टाकतो, आणि सफारीत वेब मिडी, म्हणजे ब्राउझरला मिडी की-बोर्ड जोडायची सोयच नाही, तेव्हा मॅकवर मिडी की-बोर्ड जोडायचा तर क्रोम लागतं. त्यापेक्षा प्रत्येकाने आपापल्या सवयीचं सॉफ्टवेअर वापरावं, रीपर म्हणा, गॅरेजबँड म्हणा, आणि एकमेकांना फक्त ट्रॅकच्या फायली द्याव्यात. क्लाउडवर एक सामाईक फोल्डर, बास.

दोन पथ्यं मात्र पाळायची. पहिलं, फाइल वेव्हच हवी, म्हणजे आवाज न दाबता ठेवणारी. एमपी३ नको, आणि व्हॉइस नोट तर मुळीच नको, ती बोलण्यासाठी दाबलेली असते. एमपी३ला लोक दर्जासाठी नाकं मुरडतात, पण खरी गोची वेगळीच आहे. एमपी३ बनवताना आणि उलगडताना सुरुवातीला थोडी शांतता चिकटते. लेम या एमपी३ बनवणाऱ्या प्रोग्रॅमचं नेहमीचं ५७६ सॅम्पल, उलगडणाऱ्याचं ५२९. मिळून ११०५, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला २५ मिलिसेकंद. काही प्रोग्रॅम ती ओळखून कापतात, काही तशीच ठेवतात. गिटार रोज कणभर मागे का पडते म्हणून माणूस हैराण होतो आणि गिटारवाल्याच्या लयीवर संशय घेतो.

दुसरं, प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्यापासून काढायची. तुमचा आवाज दुसऱ्या मिनिटाला सुरू होत असला तरी आधीची शांतता फाइलमध्ये राहू द्या. समोरच्याने ती डोळे मिटून शून्यावर ठेवली की काम झालं. जागेची काळजी नको: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो आवाज मिनिटाला साडेआठ एमबीच्या जरा वर जातो.

खर्जवाला

रीपरभक्त, सगळं खरं, पण ज्याच्याकडे इन्स्टॉलच होत नाही त्याचं काय? आणि सामाईक फोल्डरात दोघांनी एकाच वेळी तीच प्रोजेक्ट फाइल उघडून सेव्ह केली की 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' नावाची नवी फाइल जन्माला येते. अर्धमात्रा ताई त्याच जंगलातून बाहेर पडायला बघताहेत.

रीपरभक्त

म्हणून प्रोजेक्ट फाइल एकाकडेच ठेवायची. बाकीच्यांनी फक्त वेव्ह द्यायच्या. मिक्स करणारा एकच असावा, हे सॉफ्टवेअर कुठलंही असो.

खर्जवाला

त्याला +१.

गप्पिष्ट

अवांतर: हे सगळं टपालाने करणारेही होऊन गेलेत. 'द पोस्टल सर्व्हिस' नावाचा अमेरिकन बँड. एक जण इलेक्ट्रॉनिक साथ डॅट या डिजिटल कॅसेटवर भरून टपालाने पाठवायचा, दुसरा त्यावर गाऊन परत पाठवायचा. बँडचं नावही त्यावरूनच. २००३ मध्ये अल्बम आला, तर अमेरिकेच्या खऱ्याखुऱ्या टपाल खात्याने नावावर हरकत घेतली आणि मग तडजोड झाली. तेव्हा उशीर चार-चार दिवसांचा असला तरी चालतो!

मुक्तछंद

हा हा. बरं, हरलो. पण माझा जॅमचा हट्ट कायम आहे.

अर्धमात्रा

केवढी माहिती! सगळ्यांचे आभार. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

काल एका ऑनलाइन स्टुडिओत प्रयोग केला. गिटारवाल्याने दोन कडव्यांची साथ भरून ठेवली होती, मी त्यावर गायले. दोन त्रास झाले. एक, मी बरोबर तालात गायले तरी ऐकताना माझा आवाज मागून येतो, सगळीकडे सारखाच मागे. दुसरा विचित्र आहे. आलापाच्या शेवटी सा लांबवला की दोन-तीन सेकंदांनी आवाज आपोआप बारीक होत जातो, जणू कुणी बटण फिरवतंय. श्वास कमी पडला म्हणावं तर तसं नाही, खोलीत बसलेल्या बहिणीला व्यवस्थित ऐकू येत होतं. माइक बिघडला असेल का?

वायरवाला

माइक ठणठणीत असणार. दुसरा त्रास आधी घेतो, कारण गाणाऱ्याला तोच जास्त छळतो.

ब्राउझर माइक उघडतो तेव्हा समोर फोनकॉल चाललाय असं धरून चालतो. त्यामुळे तीन गोष्टी आपणहून चालू असू शकतात: प्रतिध्वनी काढणं, गोंगाट दाबणं आणि आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणं. गोंगाट दाबणाऱ्या यंत्रणेचा ठोकताळा असा की बोलणं सतत बदलतं आणि पंखा एकसुरी असतो. तुमचा स्थिर सा तिच्या लेखी पंखाच आहे, म्हणून ती त्याला हळूहळू गिळते. सा जितका स्थिर तितकी शिक्षा मोठी. तानपुरा तर सगळाच खाऊन टाकते.

संगीताची बरी सॉफ्टवेअर ब्राउझरला हे तिन्ही बंद करायला सांगतात, पण नेहमीच नाही, आणि वर ऑपरेटिंग सिस्टिमची किंवा ड्रायव्हरची स्वतःची 'आवाज सुधारणा' असतेच. स्टुडिओच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये नॉइज रिडक्शन, इको कॅन्सलेशन असं काही दिसलं तर बंद करा. मॅकवर माइक चालू असताना वरच्या पट्टीत माइक मोड दिसतो, तिथे व्हॉइस आयसोलेशन निवडलेलं नाही ना बघा. मग एक सपाट सा दहा-बारा सेकंद धरून भरा आणि लहरीचं चित्र बघा. पट्टा शेवटपर्यंत तेवढाच जाड राहिला तर झालं.

एक प्रश्न: हेडफोन ब्लूटूथचा आहे का?

अर्धमात्रा

हो. माइक लॅपटॉपचा, हेडफोन ब्लूटूथ. 'व्हॉइस आयसोलेशन' सापडलं, चालू होतं! बंद केल्यावर सा जागेवर.

वायरवाला

छान. मग पहिल्या त्रासाचं मूळही मिळालंच. ब्लूटूथमधून गिटार तुमच्या कानात उशिरा पोचते, तुम्ही त्या उशिराच्या गिटारवर अचूक गाता, म्हणून भरलेला आवाज तेवढाच मागे पडतो. वायरचा साधा हेडफोन लावा. ब्लूटूथ हेडफोनचाच माइक वापरलात तर आणखी वाईट, तो कॉलच्या मोडमध्ये जातो आणि सगळा आवाज टेलिफोनसारखा चपटा होतो.

वायर लावल्यावरही थोडा फरक राहील, तो एकदाच मोजून घ्या. नव्या प्रकल्पात क्लिकचा ट्रॅक ठेवा, हेडफोनची एक वाटी माइकवर दाबून धरा आणि ती क्लिक रेकॉर्ड करा. आता चित्र जितकं मोठं करता येईल तितकं मोठं करून मूळ क्लिकचं टोक आणि भरलेल्या क्लिकचं टोक यांतलं अंतर बघा. समजा ४८ किलोहर्ट्झला २४०० सॅम्पल आलं, तर ५० मिलिसेकंद. लेटन्सीच्या (उशिराच्या) सेटिंगमध्ये हा आकडा भरायचा. बँडलॅबमध्ये हीच चाचणी आपोआप करून देणारी सोय आहे. हेडफोन, ब्राउझर किंवा इंटरफेस बदललात की पुन्हा मोजायचं.

नवखा_सूर

इथेच विचारतो. आमचं उलट होतं. सुरुवात चोख जुळते, पण पाच मिनिटांच्या गाण्यात शेवटाकडे आवाज आणि साथ सुटायला लागतात. साथ लॅपटॉपवर ऐकतो, आवाज वेगळ्या फोनवर भरतो.

वायरवाला

दोन उपकरणं, दोन घड्याळं. प्रत्येकातलं स्फटिक किंचित वेगळ्या गतीने चालतं. दहा लाखांत ५० इतका फरक असला तरी पाच मिनिटांत १५ मिलिसेकंद होतात. ऐकणं आणि भरणं एकाच उपकरणावर करा, की प्रश्न मिटला. ते जमत नसेल तर गाणं कडव्या-कडव्याने भरा आणि प्रत्येक तुकडा वेगळा जुळवा.

सूरही चढलेला वाटतोय का? तर मग ते घड्याळ नाही. ४४.१ची फाइल कुणीतरी ४८ची समजून वाजवली की लय जवळजवळ ९ टक्के वाढते आणि सूर पाऊण स्वराच्या, म्हणजे पियानोवरच्या दीड पट्टीच्या आसपास वर जातो. ते तर पहिल्या ओळीतच कळतं म्हणा.

समेवरआलो

सॉफ्टवेअरच्या आधी तिघांनी तीन गोष्टी ठरवून घ्या असं सुचवेन: लय, पट्टी आणि आवर्तन. आणि त्या प्रकल्पाच्या नावातच लिहा. 'सांज ८४ काळी४ रूपक' असं नाव असलं की पुढे कुणाला विचारावं लागत नाही.

रूपकातलं गाणं असेल तर प्रकल्पाची मोजणी ४/४ वरून ७/४ करा. नाहीतर पडद्यावरच्या रेघा एकीकडे आणि सम दुसरीकडे, आणि कॉपी-पेस्ट करताना दर वेळी बोटं मोडायची. तुमच्या ब्राउझर स्टुडिओत ७/४ होत नसेल तर किमान स्नॅप (तुकडा सरकवताना रेघेला चिकटतो ती सोय) एका ठोक्यावर आणा.

पट्टीबद्दल: काळी चार म्हणजे जी शार्प, हे गिटारवाल्याला लिहून द्या. 'काळी चार' ऐकून तो कॅपो कुठे लावायचा याचा विचार करत बसेल. तानपुरा अ‍ॅपवर लावून गात असाल तर तो ए ४४० धरून लावलाय ना, तेही बघा. थोडा चढा लावलेला तानपुरा एकट्याने गाताना कळत नाही, की-बोर्ड आला की कळतो.

आणि ते ऑटोपिच, म्हणजे आवाज आपोआप सुरात ओढणारं. सगळ्या ऑनलाइन स्टुडिओत हल्ली असतं आणि एका टिचकीवर असतं. तानपुऱ्यावर गाणाऱ्याचा शुद्ध गंधार की-बोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो, सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. ऑटोपिच त्याला बेसूर समजून वर ढकलतं. मिंडेचं तर जिने बनवतं. लावायचंच तर फक्त कोरसच्या थरांना लावा.

रीपरभक्त

ऑटोपिचबद्दल शंभर टक्के सहमत. आज पहिल्यांदाच या धाग्यावर कुणाशी पूर्ण सहमत झालो, नोंद घ्यावी.

टवाळ_तंबोरा

कशाला एवढी यातायात? चार ओळी लिहून एआयला द्या, गाणं तयार.

अर्धमात्रा

मग गाणार कोण, आणि भांडणार कुणाशी?

टवाळ_तंबोरा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

सहीशिक्का

कुणीच हक्कांचं बोललं नाही म्हणून लिहितो. मित्रांमध्ये हे काढायला अवघड वाटतं, पण गाणं चार लोकांना आवडल्यावर काढणं त्याहून अवघड असतं.

एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही रचना, आणि प्रत्यक्ष भरलेला आवाज हे ध्वनिमुद्रण. चाल तुमची, गिटारची तान त्याची, शब्द कदाचित चौथ्याच कुणाचे. कुणाचा वाटा किती टक्के ते एका साध्या मेलमध्ये लिहा आणि तिघांनीही 'मान्य' असं उत्तर द्या. पुढे कधी वितरकामार्फत प्रसिद्ध केलंत तर प्रत्येक मुद्रणाला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो. तो मुद्रणाचा असतो, रचनेचा नव्हे. तेच गाणं नव्याने भरलंत तर क्रमांकही नवा.

लूपबद्दल, म्हणजे पुन्हापुन्हा वाजवायच्या तयार तुकड्यांबद्दल, जपून. या स्टुडिओंमधले तयार लूप वापरायला मोकळे असतात, पण तेच लूप इतर हजारो लोकही वापरतात. यूट्यूबवर २००७ पासून कंटेंट आयडी नावाची आपोआप ओळख पटवणारी यंत्रणा आहे. त्याच लूपवर केलेलं दुसऱ्या कुणाचं गाणं तिथे आधी नोंदलेलं असेल तर तुमच्यावर दावा येऊ शकतो. लूप जसाच्या तसा उघडा ठेवू नका, त्यावर काहीतरी वाजवा. बाहेरचे आवाज हवे असतील, पाऊस, रेल्वे, गर्दी, तर बार्सिलोनातल्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठाने २००५ मध्ये सुरू केलेलं फ्रीसाउंड आहे, पण तिथे प्रत्येक आवाजाचा परवाना वेगळा. सीसी झिरो (सगळे हक्क सोडलेले) असेल तर बिनघोर घ्या, फक्त नामोल्लेख मागितला असेल तर नाव द्या, विनाव्यावसायिक असेल तर जाहिरातींचे पैसे येणाऱ्या व्हिडिओत टाकू नका.

आणि खर्जवाला म्हणाले त्या 'फोर्क'ची परवानगी प्रसिद्ध करताना चालू आहे की बंद ते डोळे उघडे ठेवून ठरवा.

खर्जवाला

त्यालाच जोडून. दर महिन्या-दोन महिन्यांनी सगळे ट्रॅक वेगवेगळे वेव्ह करून उतरवून ठेवा. ऑनलाइन सेवा बंद पडतात. एंडलेस नावाचं फार कल्पक अ‍ॅप होतं, लोक जगभरातून एकमेकांच्या लूपवर थर चढवत बसायचे; २०२४ मध्ये बंद झालं. ओम स्टुडिओ हे त्याच्याही आधीचं, एकाच प्रकल्पात अनेकांनी एका वेळी काम करण्याचं, तेही गेलं. वेव्ह फाइल मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते. मिडीचे ट्रॅक मिडी म्हणूनही उतरवा आणि आवाज म्हणूनही, कारण त्या स्टुडिओतली सतार दुसरीकडे मिळणार नाही.

अर्धमात्रा

आमचं ठरलं ते सांगते. चाल आणि कच्चं गाणं बँडलॅबवर, कारण तिसरा तिथेच काम करू शकतो. साच्यात बसलं की मी सगळ्यांचे ट्रॅक वेव्ह उतरवणार आणि गिटारवाला त्याच्या रीपरमध्ये एकटा मिक्स करणार. (रीपरभक्त, खूश?) हक्कांचा मेल पाठवला. गिटारवाला म्हणाला, "आता वकीलही लावतेस का", पण 'मान्य' लिहिलंय.

शेवटचा प्रश्न. मिक्स झाल्यावर आवाज किती मोठा ठेवायचा? इतरांची गाणी आमच्यापेक्षा नेहमी दणदणीत वाजतात.

रीपरभक्त

अत्यंत खूश.

स्पॉटिफाय गाणी वाजवताना साधारण उणे १४ लफ्स (गाणं सरासरी किती मोठं ऐकू येतं त्याचं माप) या पातळीवर आणतं, त्यामुळे त्याहून फार मोठं करून पाठवलंत तर तेच खाली ओढतं आणि दाबल्यामुळे गेलेला जीव परत येत नाही. टोक उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. पण तुमच्या प्रकारच्या गाण्यात, गळा आणि गिटार, उणे १६ आलं तरी बिघडत नाही. दणदणीतपणासाठी आधी खर्जातला गोंधळ काढा. आवाजाच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खालचं कापलंत तरी बराच फरक पडेल, तिथे तुमचा गळा नसतोच, असते ती टेबलाला लागलेली कोपरं. मग एक ओळखीचं गाणं त्याच पातळीवर आणून शेजारी ठेवा आणि आलटूनपालटून ऐका. फोनच्या स्पीकरवरही ऐका, बहुतेक लोक तिथेच ऐकणार आहेत.

मुक्तछंद

तिघं कधी केबलचं इंटरनेट आणि वायरचे हेडफोन घेऊन बसलात तर जॅम्युलसवर एकदा याच. चौथा मी.

अर्धमात्रा

नक्की! कच्चं मिक्स झालं की दुवा इथेच देते.

खर्जवाला

दुवा देताना 'प्रायव्हेट' ठेवू नका, नाहीतर आम्हाला नुसती एररच ऐकायला मिळेल. 'अनलिस्टेड' किंवा तत्सम काही पर्याय असतो, म्हणजे दुवा असलेल्यालाच ऐकू येतं. आणि डाउनलोड बंद करायला विसरू नका, निदान पक्कं मिक्स होईपर्यंत.